255 सोडून सगळं

पुणे, 12 ऑगस्ट

नंद्या,

चार महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. मी बरा आहे, पाठ अधूनमधून धरते. आईचा मोतीबिंदू काढला, आता तिला माझ्या शर्टावरचे डाग दिसतात.

मुद्दा असा की तू जिंकलास. होस्टेलच्या गच्चीवरचं अल्बेडोचं, म्हणजे जमीन किती ऊन परत पाठवते त्याचं, भांडण आठव. तू म्हणालास, “पावसाळ्यात मराठवाड्याचा अल्बेडो कुणी सांगितला तर आधी विचार, मोजलाय का बसवलाय?” मी तुला भित्रा म्हणालो आणि तू माझी वाळत घातलेली चादर खाली फेकलीस. ती परत मिळाली नाही, हे नोंदवून ठेवतो.

मंगळवारी रात्री एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, इथे 255 च्या खालचं सगळं का घेतलंय?” मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. मोडिसच्या, म्हणजे टेरा आणि अ‍ॅक्वा उपग्रहांवरच्या यंत्राच्या, अल्बेडोसोबत दर्जाचा खुणाआकडा येतो ना: 0 म्हणजे सोळा दिवसांत किमान सात नीट निरीक्षणं मिळाली आणि मॉडेल रीतसर बसलं, 1 म्हणजे निरीक्षणं कमी, म्हणून कोनागणिक परावर्तन कसं बदलतं तो आकार आधीच्या माहितीतून उसना घेतला आणि नुसती उंची जुळवली, 255 म्हणजे काहीच नाही. मी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलं होतं, 255 सोडून सगळं घे. म्हणजे उसनवारीसुद्धा. ही ओळ माझीच, तारखेसकट. दुसऱ्याच्या नावावर ढकलायची सोय नाही.

त्याच ओळीवर आमचा पेपर उभा आहे. खरिपात कापूस कमी होऊन सोयाबीन वाढलं, सोयाबीन लवकर दाटतं, काळी माती झाकते, म्हणून पावसाळ्यात रान उजळत गेलं. ओली काळी माती दहा टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवते, दाट पीक त्याच्या जवळपास दुप्पट. गोष्ट इतकी गोड जमली की पुन्हा तपासावंसं वाटलंच नाही. आता 1 वाले दिवस काढले तर जुलै-ऑगस्टमध्ये जेमतेम काही दिवस उरतात. आणि चढ दिसत होता तो सगळा पहिल्या पावसाळ्यांच्या जोरावर. तेव्हा वर एकटी टेरा होती, सकाळी साडेदहाला येऊन जाणारी. दुपारी दीडची अ‍ॅक्वा 2002 च्या मे महिन्यात वर गेली. सकाळी ढग असले की त्या दिवसाचं दुकान बंद. दुसऱ्या टोकाला टेराची कक्षा सावरायचं 2020 नंतर थांबलं, तिची वेळ सरकत चालली आहे. दोन्ही खुंट्या सैल आणि मी मधे दोरी ताणून कपडे वाळत घातले. (चादर नाही.)

तुझ्या रानातला तो खांब आठवतो? ऊन मोजणारे दोन पायरॅनोमीटर, एक आभाळाकडे, एक जमिनीकडे. कावळा वरच्या काचेच्या घुमटावर बसून कार्यक्रम उरकायचा. येणारं ऊन कमी मोजलं जायचं आणि गुणोत्तरात रान एकदम चमकायला लागायचं. तात्या रोज सकाळी धोतराच्या सोग्याने तो पुसायचे. मी ओरडायचो, ओरखडे पडतील म्हणून. बांधावरून कपाशीकडे बघत ते म्हणाले होते, “ऊन पाठीशी असलं की रान उजळ, समोर असलं की काळं. तुझं यंत्र कुठून बघतंय?” अरे, सगळं शास्त्र तेवढंच! ऊन पाठीशी घेऊन बघितलं की पानांच्या सावल्या पानांमागे लपतात. उपग्रह एका वेळी एकाच बाजूने बघतो, म्हणून तर सोळा दिवस वेगवेगळ्या कोनांतून गोळा करायचं. कोनच मिळाले नाहीत तर काय मोजलं? मी पीएच.डी. केली, तात्यांनी धोतर मळवलं.

सरांना सांगितलं. चहा निवेपर्यंत गप्प, मग म्हणाले, “दिशा तर बरोबरच असेल ना?” असेलही, नंद्या. तीच अडचण आहे. सोयाबीन खरंच वाढलंय, तुझ्याच चार एकरांत आहे. निष्कर्ष खरा आणि पुरावा पोकळ, हे मासिकाला कळवायचं कसं? सर दोन वर्षांत निवृत्त होतात. पण त्या पोरीचा प्रबंध याच पेपरवर सुरू होणार, आणि तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, “बघून सांगतो.” बघून सांगतो! ज्या सुरात आपल्याला सांगायचे त्याच सुरात.

दुरुस्तीचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. रोज एक स्वल्पविराम बदलतो.

तुझं काय? म्हैस विकलीस असं आईकडून कळलं. पिंकीची दहावी यंदाच ना? वहिनींना लोणच्याबद्दल सांग, बरणी पोचली, रिकामीही झाली.

एक काम कर. तात्या खतवाल्याच्या कॅलेंडरवर रोज ‘ऊन’, ‘झाकळ’, ‘झड’ लिहायचे. जुनी कॅलेंडरं माळ्यावर असतील, उंदरांनी ठेवली असतील तर. जून ते सप्टेंबरच्या पानांचे फोटो पाठव. माझ्या उपग्रहाने ज्या दिवशी रान बघितलं म्हणून सांगितलं, त्या दिवशी तात्यांना सूर्य दिसला होता का, एवढं मला ताडून बघायचंय. तात्यांना कारण सांगू नकोस. किंवा सांग, हसू देत.

मेल शुक्रवारी पाठवतो. त्याआधी रात्री फोन करीन, उचल.

तुझा,
सुध्या