पगारकपातीच्या कागदावर सही करण्याआधी

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ऑफिसात वाटलेल्या संमतीपत्राचा फोटो पाहिला. ‘मंदीची परिस्थिती पाहता मी स्वेच्छेने मूळ वेतनात दहा टक्के कपात मान्य करीत आहे’, एवढं एक वाक्य आणि खाली सहीची जागा. कधीपर्यंत, परत मिळणार की नाही, याचा पत्ता नाही. तुझ्यासारख्या सरकारी कोळसा कंपनीतल्या माणसानं मंदीत पगार सोडावा का, हा प्रश्न काही खोटा नाही. गावात तर लोक तोंडावर विचारतात. कापसाचा भाव पडला की शेतकऱ्याला कोणी संमतीपत्र आणून देत नाही, पट्टीच कमी येते. मग तुम्हालाच काय सोनं लागलं? त्यांना उत्तर देताना आपला हिशेब पक्का पाहिजे.

माझं मत आधी सांगून टाकतो. पगार कापू देऊ नकोस. वेळ आलीच तर त्यातला काही भाग उशिरा घ्यायला तयार हो. २०२० च्या कोविडात दोन्ही प्रकार झाले. राज्य सरकारनं मार्चचा पगार दोन टप्प्यांत दिला: वर्ग अ आणि ब ला आधी ५० टक्के, क ला ७५, ड ला पूर्ण. ती स्थगिती होती. केंद्रानं मात्र जानेवारी २०२० ते जून २०२१ महागाई भत्त्याचे तीन हप्ते गोठवले. दर पुढे १७ वरून २८ टक्क्यांवर नेला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिलीच नाही. ती कपात होती. आंध्र सरकारनं थकवलेला पगार सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये ६ टक्के व्याजासह द्यायला लावला. म्हणजे थांबवलेला पगार हे देणं असतं, ते मागता येतं. सही करून सोडलेला मागता येत नाही.

आता ‘मूळ वेतनात’ हा शब्द बघ. सगळी मेख तिथं आहे. सोपे आकडे धरतो: बेसिक ४०,०००, महागाई भत्ता ४० टक्के म्हणजे १६,०००, एकूण ५६,०००. बेसिक ३६,००० झाला की भत्ताही १४,४०० वर येतो, एकूण ५,६०० गेले. पीएफ या दोन्हींवर १२ टक्के, म्हणून तुझे ६७२ आणि कंपनीचे ६७२, असे खात्यात महिन्याला १,३४४ कमी. हाती येणारा पगार ४,९२८ नं घटतो, पण हप्ते काही घटत नाहीत. पतसोसायटीचं कर्ज आणि घरकर्ज मिळून १८,००० जात असतील, तर पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा जाता हाती ३१,०८० येत होते. त्यातले ४,९२८ म्हणजे जवळजवळ १६ टक्के. कागदावर दहा, घरात सोळा.

आणि ज्याची रिटायरमेंट याच वर्षात आहे, त्याचं तर विचारू नकोस. ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिक आणि भत्त्यावर निघते: गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. तीस वर्षांच्या माणसाला ५६,००० वर ९,६९,२३० मिळतात. कपातीच्या महिन्यात निवृत्त झाला तर ९६,९२३ रुपये कमी, तेही कायमचे. तुझ्यासारखीचं कपात चालेल तोवर नुकसान, त्याचं जन्मभराचं, आणि दोघांच्या हातात तोच कागद. शिवाय पुढची वेतनवाढही घटलेल्या बेसिकवरच लागते.

कायद्यानंही हे इतकं सोपं नाही. पगार, भत्ता, पीएफ यांत कामगाराला तोट्याचा बदल करायचा तर २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमात हे होतं, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. कोळशाचा वेतन करार तर देशपातळीवर युनियनांसोबत होतो. अकराव्या करारात १ जुलै २०२१ पासून किमान १९ टक्के वाढ ठरली. एरिया ऑफिसातल्या चिठ्ठीनं तो मोडत नाही. म्हणूनच ‘स्वेच्छेने’ हा शब्द घातलेला आहे, बरं का.

मॅनेजमेंटला दुसरा प्रश्न विचारा: पैसा अडकला कुठं? मंदीत पॉवर हाऊस कोळसा कमी उचलतं आणि उचललेल्याचे पैसेही उशिरा देतं. डेपोत ढीग वाढतो. पडून राहिलेला कोळसा आतून तापतो, धुमसतो, मग पाणी मारा, उलथापालथ करा, तोही खर्चच. कंपनीच्या वार्षिक अहवालातून तीन आकडे काढा: एकूण खर्चात पगाराचा वाटा, वीज कंपन्यांकडून येणं, आणि सरकारला दिलेला लाभांश. पगार खर्चाच्या ३० टक्के असेल तर दहा टक्के कपातीनं खर्च फक्त ३ टक्के उतरतो. बीएसएनएलमध्ये पगार उत्पन्नाच्या पाऊणपट झाला होता. तिथं कपातीनंही भागलं नसतं, शेवटी २०२० च्या जानेवारीअखेर ७८ हजारांहून जास्त लोक स्वेच्छानिवृत्तीनं (व्हीआरएस) गेले. तशी अवस्था असेल तर आकडे दाखवून सांगावं, आम्ही ऐकू. आणि त्याच वर्षी केंद्राला निव्वळ नफ्याच्या किमान ३० टक्के लाभांश जाणार असेल, तर ही कपात मंदीची राहत नाही, कामगारावर बसवलेला जादा कर होतो.

तरी काहीच सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. आधी संडे ड्युटी आणि ओव्हरटाइम आवळा. तिथं दुप्पट दर पडतो आणि खरी बचत तिथंच निघते. फक्त भूमिगत खाणीतले पंप आणि हवेचे पंखे यांना हात लावू नका. पाणी मंदी बघून थांबत नाही. काम खरंच कमी असेल तर तासही कमी करा. फोक्सवॅगननं १९९४ मध्ये आठवडा ३६ वरून २८.८ तासांवर आणला, पगारही काही प्रमाणात उतरवला, पण बदल्यात नोकऱ्या न घालवण्याची लेखी हमी दिली. आपल्याकडे आठ तासांची ड्युटी तशीच आणि पगार तेवढा कमी, हे कसं?

अधिकाऱ्यांचा कामगिरीवरचा बोनस नफ्यातूनच निघतो, म्हणून पहिली कात्री तिथं चालावी. ठेकेदाराच्या माणसाला मात्र यातून पूर्ण बाहेर ठेवा, मंदीत पहिली हजेरी त्याचीच बंद होते. वणीच्या बाजारातला किराणावाला आणि कृषी केंद्रवाला याच पगारांच्या भरवशावर पेरणीला उधारी देतात. तुमचे पाच हजार थांबले की आठवडाभरात ती उधारीही थांबते. गावातल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच आहे.

सही करायचीच झाली तर आधी कागद बदलून मागा. ‘कपात’ खोडून ‘स्थगिती’. बेसिकला हात नाही, महिन्याला दोन दिवसांचा पगार, म्हणजे ५६,००० वर ३,७३३ रुपये. सहा महिने, सुरुवात आणि शेवट तारखेनिशी. पीएफ, ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे आणि वेतनवाढ पूर्ण पगारावर. मधे कोणी निवृत्त झाला किंवा वारला तर बाकी त्याच महिन्यात. परतफेड तीन हप्त्यांत, ६ टक्के व्याजानं. थकीत रक्कम दर महिन्याच्या पगारपत्रकावर वेगळ्या ओळीत छापून. ही ओळ विसरू नकोस. दोन वर्षांनी साहेब बदलला की तोच पुरावा उरतो.

कोरी तारीख असलेल्या कागदावर सही नको. मुदत शुक्रवारची आहे म्हणालीस, तर गुरुवारच्या आत युनियनकडून लेखी उत्तर द्या आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत तुझ्याजवळ ठेव.

तुझे बाबा