टायरच्या पोटातला कापूस

ती. आई-बाबांना,
शि. सा. न.

फोनवर बाबांचं ठरलेलं असतं, "बरं आहे, घे, आईशी बोल." पण मागच्या रविवारी ते थांबले आणि म्हणाले, "तुझं अ‍ॅक्रन म्हणजे नक्की आहे तरी काय? अमेरिका म्हटल्यावर न्यूयॉर्क तरी सांगायचं." त्याचं उत्तर फोनवर नीट देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, तुमच्या भाषेत सांगायचं तर हे रबराचं गिरणगाव. ओहायो राज्यात, क्लीव्हलँडच्या दक्षिणेला. आधी नुसतं कालव्याकाठचं गाव होतं. १८७० साली गुडरिच नावाचे गृहस्थ इथे आले आणि त्यांनी आग विझवायचे रबरी पाइप करायला घेतले. पुढे १८९८ ला गुडइयर आणि १९०० ला फायरस्टोन उभी राहिली. तेवढ्यात मोटारी आल्या आणि गाव वेडंपिसं झालं. १९१० साली इथे ६९ हजार माणसं होती, १९२० ला २ लाख ८ हजार. दहा वर्षांत तिप्पट!

एवढी माणसं झोपली कुठे? तुम्ही लालबागच्या गाळ्यात झोपायचात तशीच. एकच खाट पाळीपाळीने भाड्याने जायची. रात्रपाळीचा परत आला की दिवसपाळीचा उठणार, अंथरूण गार व्हायलाही वेळ नाही. त्यातले कितीतरी जण वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांतून आलेले होते. आपली कोकणातली माणसं कशी सणाला गावी पळायची, तशी ही माणसंही सुट्टी मिळाली की डोंगराकडे. अ‍ॅक्रनला गमतीने 'वेस्ट व्हर्जिनियाची राजधानी' म्हणत.

आता तुमच्या कामाची गोष्ट. टायर नुसत्या रबराचा नसतो. त्याच्या पोटात कापडाचे थर असतात आणि तेव्हा ते सुती असायचे. पहिल्या महायुद्धात लांब धाग्याच्या कापसाची टंचाई झाली, तेव्हा गुडइयरने थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात जमीन घेऊन कापूस पेरला. तिथे आज गुडइयर नावाचं शहरच आहे. हे वाचलं तेव्हा गिरणीतलं तुमचं साचेखातं, ते कापड विणणारे माग आठवले. इतकी वर्षं रबरावर काम करते, पण टायर फाडला की आत तुमचा धंदा निघेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

(आणि गंमत बघा, ज्याचं नाव कंपनीला दिलं तो चार्ल्स गुडइयर १८६० सालीच कर्जात बुडून वारला होता. रबर पक्कं करायची रीत त्याने शोधली, पण कंपनीशी त्याचा वा त्याच्या घरच्यांचा काही संबंध नव्हता.)

संपही झाले. १९३६ च्या जानेवारीत फायरस्टोनच्या कामगारांनी रात्री यंत्रं बंद केली आणि तिथेच बसून राहिले. फाटकाबाहेर घोषणा देणं नाही की मोर्चा नाही. मालकाला बाहेरून बदली माणसं आणायची सोयच उरली नाही. लगेच पुढच्या महिन्यात गुडइयरचे कामगार संपावर गेले आणि ऐन बर्फात महिनाभर पहारा देत उभे राहिले. युनियन टिकली. बाबा, तुम्ही म्हणाल, "आम्हीही आत बसायला हवं होतं." मला तसं वाटत नाही. त्यांच्या मालकांना टायर विकायचे होते. तुमच्या मालकांचा डोळा गिरणीच्या जमिनीवर होता.

शेवट मात्र सारखाच झाला. फ्रान्सहून रेडियल नावाचे नव्या बांधणीचे टायर आले, ते दुप्पट टिकायचे. इथले कारखाने जुने, नवी यंत्रं घालायची कुणाची तयारी नव्हती. कंपन्यांनी नवे कारखाने काढले ते दक्षिणेत, जिथे मजुरी कमी आणि युनियन नाही. अ‍ॅक्रनमध्ये मोटारगाडीचा शेवटचा टायर १९८२ साली निघाला. १९८२! तुमच्या गिरणीसंपाचंच साल. मी दोनदा तपासून पाहिलं.

फरक एकच पडला. गिरण्या गेल्या तेव्हा तुमच्या हातातली कला तुमच्याबरोबर गावी आली आणि माळ्यावर पडली. इथे रबराचं ज्ञान विद्यापीठाने धरून ठेवलं, म्हणून माझ्यासारख्यांना नोकऱ्या आहेत. पण ज्यांच्या हातांनी टायर बांधले त्यांच्या मुलांना आमच्या प्रयोगशाळेत कितीशा जागा मिळाल्या? लोकवस्ती घटत घटत १ लाख ९० हजारांवर आली आहे. काही रस्त्यांवर दोन घरांमागे एक जागा मोकळी दिसते.

माझे शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, टायर बांधणीत होते. ते सांगतात, लहानपणी गावभर जळक्या रबराचा वास असायचा आणि कुणी नाक मुरडलं की त्यांची आई म्हणायची, तो पगाराचा वास आहे. आई, तूही बाबांच्या शर्टातला कापूस झटकताना असंच काहीतरी म्हणायचीस ना?

त्यांना बाबांबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं की वडील एका वेळी किती साचे सांभाळायचे. मला सांगता येईना. दोन की चार? पुढच्या रविवारी आईला फोन द्यायच्या आधी तेवढं सांगा.

गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या, उपाशीपोटी नाही.

तुमची,
सुमी