‘बॅटरी गेली’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चारचाकी सुरू होईना की गॅरेजमध्ये बहुधा पहिले वाक्य कानावर पडते ते ‘बॅटरी गेली’ हे. कधी ते खरेही असते. पण ते खरे आहे की नाही, हे ठरवायला व्होल्ट मोजणारा साधा मल्टिमीटर आणि पाच मिनिटे पुरतात. तरीही मीटर न लावताच नवी बॅटरी बसवण्याची जी पद्धत आपल्याकडे रूढ होत चालली आहे, तिच्याबद्दल हे पत्र आहे. मी आयुष्यभर शाळेत ओहमचा नियम शिकवला आणि तरीही या पद्धतीला फसलो, हे आधीच कबूल करतो.

जुलै महिन्यात घरच्या मंडळींना घेऊन ठोसेघरचा धबधबा पाहायला गेलो होतो. परतताना चावी फिरवली, तर बॉनेटखालून फक्त एक ‘टक्’ असा आवाज आला आणि सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) काही उचलेना. पुन्हा फिरवली, पुन्हा एकच टक्. पाऊस धो धो, मोबाईलला रेंज नाही. शेजारच्या जीपमधल्या कराडकडच्या पोरांनी ‘काका, दुसऱ्यात टाका अन् क्लच दाबून बसा’ म्हणत गाडी उतारावर ढकलली. क्लच सोडताच इंजिन सुरू झाले आणि आम्ही घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये तोच प्रकार झाल्यावर मेस्त्रींनी दुसरी बॅटरी आणून जंपर, म्हणजे दोन बॅटऱ्या जोडणाऱ्या चिमट्यांच्या वायरी, लावले. लाल वायरने दोन्ही बॅटऱ्यांचे प्लस जोडले गेले आणि दुसऱ्या बॅटरीच्या मायनसवरून आलेल्या काळ्या वायरचे शेवटचे टोक त्यांनी आमच्या इंजिनच्या धातूला लावले. गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. ‘बघा सर, बॅटरी गेली तुमची.’ साडेचार हजारांची नवी बॅटरी बसली, जुनी बदल्यात गेली, आणि बाराव्या दिवशी सदरबझारात आमच्याच फाटकात गाडीने पुन्हा तोच टक् ऐकवला.

या वेळी मात्र मी गॅरेज गाठण्याआधी मुलाच्या खोलीतला मीटर शोधून काढला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. हेडलाईट लावून सेल्फ मारला, तरी समोरच्या भिंतीवरचा उजेड जरासुद्धा मंदावला नाही. बॅटरी खरोखर उतरलेली असती, तर तो उजेड पिवळा पडून विझायला आला असता. मग मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसवर आणि लाल सुई इंजिनच्या उघड्या धातूवर धरली व पत्नीला चावी फिरवायला सांगितले. हा आकडा शून्याजवळ राहायला हवा, फार तर अर्ध्या व्होल्टच्या आत. तो पाचाच्या वर गेला आणि चावी सोडेपर्यंत तिथेच राहिला.

याचा अर्थ असा, की बॅटरीच्या बारा व्होल्टपैकी पाच व्होल्ट सेल्फपर्यंत पोहोचण्याऐवजी इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या मायनसकडे जाणाऱ्या परतीच्या वाटेवरच जळत होते. सेल्फ शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो. तेव्हा वाटेत कुठे ओहमचा अवघा विसावा भाग एवढा अडथळा असला, तरी शंभर अँपिअरला पाच व्होल्ट खर्ची पडतात. दिव्यांना मात्र काही कळत नाही, कारण त्यांचे अर्थिंग (मायनसकडे परतणारी जोडणी) थेट बॉडीवर असते. शोधता शोधता बॅटरीच्या ट्रेखाली, गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, म्हणजेच इंजिनचे अर्थिंग, सापडली. वरून ती ठीक दिसत होती, पण बोल्ट काढल्यावर पट्टीच्या टोकाच्या कडीखाली हिरवा-पांढरा थर आणि गिअरबॉक्सच्या बाजूला नुसता गंज. आमच्या गल्लीतल्या, एरवी दुचाकींचेच काम करणाऱ्या वायरमनने ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, नवी पट्टी लावली आणि माझ्याकडून तीनशे रुपये घेतले. नंतर मीटरवर आकडा आला ०.१.

मला जास्त विचार करायला लावले ते वेगळ्याच गोष्टीने. गॅरेजमधली प्रत्येक खूण चुकीच्या निदानाला पुष्टी देत होती. ढकलल्यावर गाडी सुरू झाली, कारण ढकलताना सेल्फची गरजच नसते आणि ठिणगीला लागणाऱ्या चार-पाच अँपिअरना तेवढा अडथळा जाणवत नाही. उलट, पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत, एवढेच त्यावरून सिद्ध झाले होते. जंपरचा काळा चिमटा इंजिनला लावणे ही योग्यच रीत आहे, कारण शेवटच्या जोडणीला उडणारी ठिणगी बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनपासून दूर राहते. पण त्याच चिमट्याने कुजलेली पट्टी बाजूला ठेवून वीजप्रवाहाला नवी वाट करून दिली. आणि नवी बॅटरी बसवताना ट्रे हलला, पट्टी थोडी घासली गेली, म्हणून बारा दिवस निभावले. मेस्त्रींनी हाताने काही चुकीचे केले नाही, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला.

बॅटरी कधी दोषी असतेच. एकच टक् न येता ‘टक टक टक’ अशी भराभर टकटक झाली, डॅशबोर्डचे दिवे त्याबरोबर मिणमिणले आणि सेल्फ मारताना बॅटरीवरचा आकडा ९.६ व्होल्टच्या बराच खाली गेला, तर तिच्यावर संशय घ्यावा. पण तेव्हाही ती आधी पूर्ण चार्ज करून आणि टर्मिनलवरची पांढरी भुकटी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन पुन्हा मोजावे. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसत नसतील, तर अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा, बॅटरी भरणारा जनरेटर) ती भरतच नाही आणि नवी बॅटरीही आठवड्यात उतरेल. सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही, असे असेल तर बॅटरीचा विषय तिथेच संपतो; इंधनपंप, फ्यूज, चावीचा इमोबिलायझर (चोरी रोखण्यासाठी इंजिन अडवणारी यंत्रणा) यांकडे वळावे, आणि हो, उंदरांनी कुरतडलेल्या वायरींकडेही. दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार चढतो, पण बॉनेट उघडून अर्थिंगचे बोल्ट पाहिल्याचे मला तरी आठवत नाही.

पावसाळ्यात गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागते, गिऱ्हाईक ‘लवकर करा’ म्हणून डोक्यावर उभे असते, आणि बॅटरी बदलणे हे सर्वांत झटपट उरकणारे काम आहे, याची मला कल्पना आहे. आयटीआयमधून शिकून आलेल्या मुलांना मीटर धरता येत नाही, असेही नाही. पण मोजण्याचे पैसे कोणी देत नाही आणि बॅटरीवर नफा सुटतो. म्हणून माझी जिल्ह्यातील गॅरेजचालकांना विनंती आहे, की मोजणीचे शंभर-दोनशे रुपये खुशाल वेगळे लावावेत, पण नवी बॅटरी विकण्याआधी चार आकडे बिलावर लिहावेत : गाडी बंद असताना, सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असतानाचे बॅटरीवरचे व्होल्ट, आणि सेल्फ मारताना मायनसपासून इंजिनपर्यंत पडणारे व्होल्ट. बिल न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे बिल मागताना गिऱ्हाइकानेही संकोचू नये. जुनी बॅटरी बदल्यात देण्यापूर्वी ती आपल्यासमोर मोजून घ्यावी. माझी मी मोजून घेतली नाही, आणि ती चांगली होती की वाईट, हे आता मला कधीच कळणार नाही.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सदरबझार, सातारा