विषय : कोरीव साच्यांसाठी घेतलेल्या सिरॅमिक फायबर बोर्डसोबतच्या चुकीच्या माहितीमुळे झालेल्या नुकसानीबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी गेल्या महिन्यात २५ मिलिमीटर जाडीचे चार सिरॅमिक फायबर बोर्ड (उष्णता सोसणाऱ्या तंतूंचे दाबून केलेले फळे) घेतले. भट्टीत काच वितळवून जोडणे (फ्यूजिंग) आणि तापवून मऊ झालेली काच साच्यात बसवणे (स्लंपिंग) यांसाठीचे साचे मी स्वतः कोरते. सोबतच्या माहितीपत्रकावर ‘बाइंडरविरहित, कोरा, किल्न वॉश लावा आणि थेट वापरा’ असे छापले आहे. बाइंडर म्हणजे तंतू एकत्र धरून ठेवणारा पदार्थ आणि किल्न वॉश म्हणजे काच साच्याला चिकटू नये म्हणून लावायचा लेप. या एका ओळीवर विसंबल्यामुळे माझे दोन साचे आणि त्यांवरची काच वाया गेली आहे.

पहिला साचा पानाच्या नक्षीचा होता. काच अडकू नये म्हणून प्रत्येक शिरेच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या ठेवल्या होत्या, किल्न वॉशचे हात देऊन तो पूर्ण वाळवला होता आणि त्यावर काच मांडून भट्टी ८०० अंश सेल्सिअसपर्यंत नेली होती. तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचताच भट्टीच्या फटींतून करपट वासाचा धूर येऊ लागला. भट्टी थंड झाल्यावर पाहिले, तर काचेच्या खालच्या अंगाला तपकिरी झाक होती आणि शिरांच्या खाचांत पांढरे तंतू रुतून बसले होते, जे ब्रशने घासूनही निघाले नाहीत. कोरताना पटाशीला चांगला जोर लावावा लागलेल्या त्याच जागी आता अंगठा टेकवताच खळगा पडत होता. वाडग्याचा दुसरा साचा तर केवळ ६६० अंशांपर्यंत तापवला होता. त्याचीही कड उचलताना हातात भुगा होऊन आली.

आपल्या प्रतिनिधींनी दूरध्वनीवर दोष माझ्या अनीलिंगवर, म्हणजे काच ठरावीक तापमानावर ठेवून हळूहळू थंड करण्यावर ढकलला, हे मला मुळीच पटलेले नाही. अनीलिंग चुकले तर काचेत ताण राहतो आणि ती तडकते. त्यामुळे साच्यातून धूर येत नाही. माझ्या काचेसाठी सांगितलेल्या ४८२ अंशांवर मी ती पुरेसा वेळ ठेवली होती आणि तिला एकही तडा गेलेला नाही.

तरीही खात्रीसाठी त्याच खोक्यातल्या न वापरलेल्या बोर्डचा २५० ग्रॅमचा तुकडा काच किंवा किल्न वॉश न लावता, भट्टीचे झाकण किंचित उघडे ठेवून ७०० अंशांपर्यंत भाजला. पुन्हा तसाच धूर आला आणि नंतर त्या तुकड्याचे वजन २३६ ग्रॅम भरले. जे १४ ग्रॅम जळाले, ते बोर्डमधले सेंद्रिय बाइंडर नसेल तर काय होते, हे आपणच लेखी कळवावे.

बाइंडर असणे हा बोर्डचा दोष नाही, हे मी जाणते. असा बोर्ड आधी रिकामा भाजून, मग कोलॉइडल सिलिका (सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असलेले पाणी) पाजून कडक केला की उत्तम साचा होतो. पण हे दोन्ही टप्पे टाळता येतात असे आपल्याच पत्रकाने सांगितले. शिवाय भाजल्यावर ठिसूळ झालेल्या तंतूंची धूळ श्वासातून जाऊ नये म्हणून योग्य मास्क वापरावा, ही साधी सूचनाही त्यात नाही. मी मास्क वापरते तो जुन्या सवयीने. नव्याने शिकणाऱ्याने हा साचा उघड्या तोंडाने खरवडला असता.

तरी चारही बोर्डची पूर्ण रक्कम आणि वाया गेलेल्या काचेची भरपाई मिळावी, तसेच या खेपेचे बोर्ड घेतलेल्या सर्व ग्राहकांना दुरुस्त माहितीपत्रक पाठवावे, अशी मागणी आहे. उरलेले अखंड बोर्ड आपल्या खर्चाने परत न्यावेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन.

सोबत बिलाची व माहितीपत्रकाची प्रत, दोन्ही साच्यांची छायाचित्रे आणि भाजलेला तुकडा बंद पिशवीत पाठवत आहे. पिशवी उघडताना कृपया मास्क लावावा.

आपली,
एक ग्राहक