मंडई संपली म्हणू नका, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा तुमचा फोन झाल्यापासून हे डोक्यात घोळतंय. फोनवर तुम्ही ऐकून घेत नाही आणि आई मध्येच "जेवलीस का" विचारते, म्हणून कागदावर. तुम्ही म्हणालात, "मंडई संपली गं आता. गाळा ठेवून काय करायचं? त्या मोबाइल कव्हरवाल्याला बसवून टाक, महिन्याला चार पैसे तरी येतील." मी नुसतं हं म्हटलं. पण पुण्याच्या मंडईतल्या आपल्या भाजीच्या गाळ्याला कुलूप लागून आठ महिने झाले आणि चावी माझ्याच ड्रॉवरमध्ये पडून होती. म्हटलं, आधी बघून तर येऊ.

रविवारी पिंपरीहून मेट्रोने गेले. सप्टेंबर २०२४ पासून गाडी जमिनीखालून थेट स्वारगेटपर्यंत जाते आणि त्याच्या आदलं स्टेशन मंडई. गाडीतली बाई अगदी शुद्ध मराठीत "मंडई" म्हणाली आणि मला हसूच आलं. आजोबा सासवडहून दिवे घाट उतरून बैलगाडी घेऊन रात्रभर चालायचे, पहाटे इथे पोचायचे. मी अर्ध्या-पाऊण तासात, बसून, पंख्याखाली नाही तर एसीत. माझ्या डब्यातली बरीच माणसं मंडईला उतरली. बरं वाटलं. वर आल्यावर त्यातली निम्मी तुळशीबागेकडे वळली आणि उरलेल्यांतले काही जण मनोऱ्यासमोर उभे राहून फोटो काढायला लागले. असो. फोटो काढून झाल्यावर एकीने वांगी घेतली, तेही सांगितलं पाहिजे.

इमारत आहे तशीच आहे. तो दगड, तो अष्टकोनी मनोरा, आत शिरल्यावर येणारा ओल्या गोणपाटाचा आणि कोथिंबिरीचा वास. तुम्ही प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचात ते सगळं आठवलं: १८८६ साली बाजार सुरू झाला, गव्हर्नरच्या नावावरून रे मार्केट म्हणायचे, जोतीरावांनी या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला फुल्यांचं नाव लागलं. गिऱ्हाईक बटाटे घ्यायला आलेलं असायचं आणि तुम्ही इतिहास तोलून द्यायचात. आई डोळे वटारायची.

पण त्याच गोष्टीतला एक भाग तुम्ही स्वतःला सांगायला विसरता. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरायचा. तिथून उठून माणसं या छपराखाली आली. मग माझ्या जन्माआधी घाऊक बाजार गुलटेकडीला गेला. तेव्हाही आजोबा "मंडई संपली" म्हणाले होते, हे तुम्हीच मला सांगितलंय. आणि त्यानंतर तुम्ही दोघांनी त्याच गाळ्यावर माझी आणि दादाची शिक्षणं केलीत.

आई, शेजारच्या गाळ्यावरच्या मावशींनी मला लांबूनच ओळखलं. पहिलं वाक्य, "बारीक झालीस." दुसरं, "आईचे गुडघे कसे आहेत?" मग मला स्टुलावर बसवलं आणि गिऱ्हाईक करत राहिल्या. मी तास-दीड तास नुसती बघत होते. तुला राग येईल असं एक सांगते: त्या आता निवडलेली मेथी विकतात. सोललेला लसूण, सोललेल्या डाळिंब्या, चिरलेला फणससुद्धा. तुझं ठरलेलं वाक्य होतं ना, "भाजी निवडायला वेळ नाही, तर खायला तरी आहे का?" मावशी म्हणाल्या, "तुझी आई इथे असती तर मला बोलली असती. पण डाळिंब्यांवरच माझं घर चाललंय." पाठीमागे त्यांची सून आणि नात पाटीत हात घालून वाल सोलत बसल्या होत्या. नातीच्या मांडीवर मोबाइल. कोथरूडच्या, बाणेरच्या बायका आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर यादी टाकतात. सकाळी नातू स्कूटरवरून पोचवून येतो. दर दोन मिनिटांनी गाळ्यावरचा तो डबा मोठ्याने पैसे मिळाल्याचं सांगतो. मावशी त्याला "माझा मुनीम" म्हणतात.

एक मुलगी आली, माझ्याहून लहान. म्हणाली, "आंटी, टू फिफ्टी ग्राम गवार." मावशी तोलता तोलता म्हणाल्या, "पावशेर ना?" शेर-मण सरकारने १९५६ च्या कायद्याने मोडीत काढले, पण पावशेर अजून कुणाला हलवता आलेला नाही. गवार दिल्यावर वर चार मिरच्या टाकल्या. मुलगी म्हणाली, "मिरच्या नको होत्या." मावशींनी शांतपणे परत काढून घेतल्या. मलाच कसंतरी झालं.

आता मीही साधुसंत नाही. रात्री दहाला कोथिंबीर संपली की ॲपवरच मागवते, आणि दहा मिनिटांत येते. चांगली असते, खोटं कशाला बोलू. भेंडी मात्र एकदा इतकी जून आली की सुरीच वळली. पैसे परत मिळाले, पण बोलायला समोर कुणी नव्हतं. गंमत म्हणजे २०२४ साली मुंबईतल्या एका मुलाने तक्रार केली की आईला एका ॲपवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागले म्हणून धक्का बसला, तर त्या ॲपने भाजीवर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. म्हणजे आई, तू चाळीस वर्षं जे हाताने टाकलंस तेच आता फोनमध्ये आलंय.

गिऱ्हाईक ॲपनेच नेलं असं मात्र मला वाटत नाही. ते आधीच पेठांतून उठलं. वाड्यांचे फ्लॅट झाले, मुलं वाकडला-खराडीला गेली, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना पावशेर गवार आठवडाभर पुरते. मंडईजवळच्या आर्यन वाहनतळात गाडी लावायला लागणाऱ्या वेळात दारावरची हातगाडी येऊन जाते. २०१६ मध्ये फळं-भाज्या बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्यावर शेतकऱ्यांचे आठवडे बाजार सोसायट्यांच्या जवळ वाढले. आपल्या सासवडचेच लोक तिथे अंजीर घेऊन बसतात. ते नुकसान म्हणायचं की फायदा, हे तुम्ही कोणत्या बाजूला बसलात त्यावर आहे. तुम्ही आता शेताच्या बाजूला आहात.

मग आपला गाळा उघडला. उंदरांनी पोती खाल्लीत, बाकी ठीक. तागडी खुंटीला तशीच होती. फळीखालच्या डब्यात वजनं सापडली. पाच किलोपासून पन्नास ग्रॅमपर्यंत सगळी, बुडाला शिशाची गुंडी आणि तीवर वैधमापनवाल्यांचे शिक्के, एकावर एक. आणि बाबा, दोन्ही पारडी समतोल राहावीत म्हणून उजव्या पारड्याच्या साखळीला तुम्ही गुंडाळलेली तांब्याची तार. लहानपणी मी ती ओढली होती तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. "पासंग आहे तो, त्याला हात लावायचा नाही. तो हलला की आपण चोर." मी रविवारी पारडी रिकामी धरून बघितली. काटा मधोमध उभा राहिला.

तर गाळ्याचं. कव्हरवाल्याला बसवायचं नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, भाजीचा आहे. परस्पर दुसऱ्याला देऊन भाडं खायचं हे तुम्ही जन्मभर केलं नाहीत, आता माझ्या हातून करवू नका. दादा काही कॅनडाहून यायचा नाही. मी बँक सोडून पाट्या मांडणार नाही, तेवढं धैर्यही नाही आणि पहाटे चारला उठणंही व्हायचं नाही. मंडई चालू आहे, बाबा. मी डोळ्यांनी बघून आले. थांबलो ते आपण. "मंडई संपली" म्हटलं की आपण निघून आलो असं म्हणावं लागत नाही, म्हणून तुम्ही ते म्हणता, आणि मीही आठ महिने तेच म्हणत होते.

मावशींच्या सुनेला स्वतःचा गाळा हवा आहे. महापालिकेत रीतसर विचारून परवाना तिच्या नावावर होतो का बघू. नाही झाला तर गाळा परत करू, ज्याला मिळेल त्याला मिळेल. अर्ज मी लिहिते, सही तुमची लागेल.

त्यासाठी दोघंही या. सासवडहून एसटीने स्वारगेट, तिथून मेट्रोने एकच स्टेशन, दोन्हीकडे लिफ्ट आहे, गुडघ्यांना काही होत नाही. आई, मावशींना डाळिंब्यांवरून बोलायचं असेल तर तेव्हाच बोल, माझ्यामार्फत नको. त्यांनी तुझ्यासाठी दोन वाटे बाजूला ठेवीन म्हटलंय, सोललेले.

तागडी मी घरी आणली आहे. तार तशीच आहे.

तुमची,
छकुली

ता. क. बाबा, कांद्याचा भाव विचारायला विसरले. आता फोन करून ओरडू नका.