शरीराला पत्ता लागतो, महोदय!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातील नॅनो तंत्रज्ञानावरील लेख एरवी नेटका असला, तरी ‘हे कण इतके सूक्ष्म असतात की शरीराला त्यांचा पत्ताही लागत नाही’ या वाक्याने, गेली २२ वर्षे अ‍ॅलर्जीचा दमा सांभाळणाऱ्या माझ्यासारखीला दिवसभर चैन पडू दिले नाही.

पत्ता लागतो, हीच तर अडचण आहे. १०० नॅनोमीटरहून (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) लहान, म्हणजे अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतो, आणि तेवढ्याच वजनाच्या जाड कणांपेक्षा अशा कणांचा एकूण पृष्ठभाग कितीतरी अधिक असल्याने श्वासनलिकेच्या अस्तराला होणारा जाचही वाढतो. दुखावलेल्या अस्तरातून धोक्याचे संदेश सुटतात, अ‍ॅलर्जी घडवणारी आयजीई प्रतिपिंडे वाढतात, इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी गोळा होतात, आणि ज्या धुळीने एरवी दोन शिंका आल्या असत्या तिनेच छाती भरून येते. लशीचा परिणाम वाढवण्यासाठी तिच्यात साहाय्यक द्रव्य घालतात. उंदरांवरील प्रयोगांत काजळीच्या अतिसूक्ष्म कणांनी अ‍ॅलर्जीच्या बाबतीत नेमके तेच काम केल्याचे दिसले आहे. सगळेच नॅनोकण असे वागत नाहीत, हे मान्य. पण म्हणून सगळ्यांनाच अभय देण्याचा अधिकार लेखकमहाशयांना कोणी दिला?

आमच्या कार्यालयातील बंद खोलीत एकदा ‘नॅनो सिल्व्हर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेला जंतुनाशक फवारा मारला गेला. फवारणाऱ्याने स्वतः मास्क चढवला होता. आम्हाला मात्र ‘वाससुद्धा येत नाही, खुशाल बसा’ असे सांगितले. दहाव्या मिनिटाला माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली, एरवी ३८० दाखवणारे फुंकर मोजण्याचे यंत्र संध्याकाळी २३० वर आले आणि ती रात्र मी उशांना टेकून बसून काढली. दोष चांदीच्या कणांचा की त्यातील द्रावकाचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हा ती ठोकण्याच्या स्थितीतही नव्हती. मात्र बाटलीवर कणांचा आकार वा प्रमाण यांविषयी एक अक्षरही नव्हते, हे मी दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन पाहिले.

लेखात दिलासा म्हणून दिलेला ‘पीएम २.५’चा, म्हणजे हवेतील २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांचा, आकडा वजनाचा आहे, आणि अतिसूक्ष्म कणांचे वजन जवळपास नसतेच. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी संख्येचा निकष सुचवला: २४ तासांच्या सरासरीने घनसेंटिमीटरमागे १०,००० हून अधिक कण म्हणजे प्रमाण जास्त. लेखात याचा उल्लेख नाही. त्याच पानावर ‘नॅनो सुरक्षा’ देणाऱ्या फवाऱ्याची जाहिरात मात्र आहे. हा योगायोगच असावा.

आता लिहितेच आहे तर आणखी एक. लेखासोबतच्या चित्रातील गृहस्थांनी इनहेलर तोंडात धरला आहे, पण त्याचे टोपण काढलेले नाही.

आपली,
एक दमेकरी वाचक