पुलाखालचं रबर

सोलापूर

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढ्या मोठ्या पुलाखाली रबर ठेवतात म्हणे, ते टिकतं तरी का?" तेव्हा साइटवर होते, धड बोलता आलं नाही.

नुसतं रबर असतं तर नसतं टिकलं. कणकेचा गोळा दाबला की कडेनं पसरतो, तसंच झालं असतं. म्हणून रबराच्या थरांमध्ये 3 मिलिमीटर जाडीचे पोलादी पत्रे घालून साच्यात उष्णता आणि दाब देऊन सगळं एकजीव करतात. पत्रे रबराला पसरू देत नाहीत, त्यामुळे पोळपाटाहून थोडी मोठी ही रबरी उशी, म्हणजे आमच्या भाषेत बेअरिंग, शंभर टनांचं वजनही पेलते. आडवं ढकललं तर मात्र ते मऊच राहतं, थोडं सरकतं. गंमत वाटते मला याची!

हे आडवं सरकणं फार गरजेचं. सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. 30 मीटरचा काँक्रीटचा गर्डर, म्हणजे पुलाची आडवी तुळई, 30 अंशांनी तापला तर साधारण 11 मिलिमीटर लांबतो. त्याला वाट दिली नाही तर तो खांबाला ढकलतो. डिसेंबरात मी गर्डरवर आणि खालच्या पेडेस्टलवर (खांबाच्या डोक्यावरच्या, बेअरिंग ठेवायच्या ओट्यावर) समोरासमोर पेन्सिलीची खूण केली होती. मेमध्ये शिडी लावून पाहिलं, तर खुणा 4 मिलिमीटरनं सरकलेल्या आणि मधलं बेअरिंग तेवढंच तिरकं झालेलं. बराच वेळ तिथेच उभी राहिले.

एका पुलाखाली मात्र जीव हळहळला. बांधताना राहिलेल्या फळ्या आणि माती बेअरिंगभोवती तशीच ठासलेली. गर्डरला हलायला जागाच नाही, पेडेस्टलची कड फुटलेली. जॅक लावून गर्डर काही मिलिमीटर उचलला, बेअरिंगं बदलली. वर्षातून एकदा कुणी झाडू मारला असता तर हे झालं नसतं, याचा राग अजून जात नाही.

एसटी पुलावर चढताना धाडकन आवाज येतो अशी तुमची तक्रार होती ना, ती पुलाच्या सांध्याची फट. तिथला रबरी पट्टा फाटला की पाणी थेट खाली बेअरिंगवर गळतं. म्हणून तुमची ती तक्रार मी वहीत लिहून घेतलीय, कुठला पूल ते नक्की कळवा.

आई, शेंगाचटणी घेऊन रविवारी येते. बाबा, दूरचा चष्मा हाताशी ठेवा. नदीत उतरून खांबाच्या डोक्यावरची ती बेअरिंगची काळी पट्टी दाखवते तुम्हाला.

तुमची,
मनू